सबसॉयलरची दांडी वाकते, शिअर बोल्ट मात्र शाबूत. माप कुठे चुकतंय?

ऐरण_हातोडा

५० एचपी टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला एकदांडी सबसॉयलर (खालचा कठीण थर फोडणारं खोल औजार) बनवला आहे. जमीन भारी काळी, उसाचा निडवा मोडलेली, मधूनमधून दगड लागतात. मापं अशी:

दांडी २० × १०० मिमी, साधी एमएस प्लेट (आयएस २०६२, ई २५०), गॅसने कापलेली, सरळ उभी. फाळाच्या टोकापासून दांडीच्या खालच्या बोल्टापर्यंत ७० सेंमी. दोन गालपट्ट्यांमध्ये दोन बोल्ट: खालचा एम २४, त्याच्या बरोबर वर १२० मिमीवर एम १६ शिअर बोल्ट (जास्त भार आला की आधी तुटून दांडी वाचवणारा). फाळ ४० मिमी रुंद, जमिनीशी कोन साधारण ५५ अंश. खोली ४५ सेंमी धरली आहे, वेग ४ किमीच्या आसपास.

अडचणी तीन. एक, साधा एम १६ बोल्ट दिवसाला तीन-चार तुटायचे म्हणून ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीचा) घातला. आता बोल्ट तुटत नाही, दांडीच मागे वाकते. दोन, तीच दांडी आडवीही पिळवटली आहे. तीन, मागे नुसती चीर पडते, जमीन फुगत नाही. उकरून पाहिलं तर चिरेच्या भिंती लिंपल्यासारख्या चकचकीत.

दांडी २५ मिमीची करावी की मटेरियल बदलून ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) घ्यावं? आणि शिअर बोल्ट नक्की किती जाडीचा?

पाना_२४

आधी ओढ किती येते ते पाहा, बाकी सगळं त्यावर ठरतं. सबसॉयलरसाठी अमेरिकन कृषी अभियंत्यांच्या मानकातलं (डी ४९७) सूत्र सोपं आहे: भारी मातीत अरुंद फाळाच्या एका दांडीची ओढ, न्यूटनमध्ये = (२२६ + १.८ × वेगाचा वर्ग) × खोली. वेग किमी/तास, खोली सेंमी. मध्यम मातीला उत्तर ०.७० ने गुणायचं, हलक्याला ०.४५ ने. हे सरासरीचं गणित आहे, प्रत्यक्षात ५० टक्के वर-खाली होऊ शकतं, हे मानकातच लिहिलेलं आहे.

वेग ३ किमी धरला तरी ४५ सेंमीला साधारण १०.९ किलोन्यूटन येतात, म्हणजे सुमारे १,११० किलो. एवढं बळ फाळाच्या टोकाला मागे ढकलतंय आणि तुमचा टेकू ७० सेंमी वर आहे. खालच्या बोल्टापाशी मोमेंट (वाकवणारा जोर) १०.९ × ०.७ = ७.६ किलोन्यूटन-मीटर. (थोडं बळ दांडीच्या अंगावरही येतं, पण सगळं टोकाला धरलं की हिशोब सुरक्षित बाजूला राहतो.)

२० × १०० चा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला छेद किती विरोध करतो त्याचं माप) = २० × १०० × १०० ÷ ६ = ३३,३३३ घन मिमी. ताण आला २२९ मेगापास्कल. ई २५० ची यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं) २० ते ४० मिमी जाडीला २४० धरतात. म्हणजे दगड नाही, मूळ नाही, नुसती माती असतानाच दांडी यील्डच्या ९५ टक्क्यांवर चालली आहे. ती वाकली यात नवल नाही, इतके दिवस टिकली हेच नवल.

आता बोल्ट. टोकाला आलेलं बळ शिअर बोल्टावर ७०० ÷ १२० पट होऊन पोचतं. बोल्ट दोन्ही गालांत कापला जातो, म्हणून क्षेत्रफळ दुप्पट. कापण्याची ताकद ताणताकदीच्या ०.६ पट धरा:

४.६ ग्रेड (साधा, ताणताकद ४००), एम १६, कापाच्या जागी आटे नाहीत: २०१ × २४० × २ = ९६.५ किलोन्यूटन. टोकाला १६.५ किलोन्यूटन आले की तुटणार.
तोच बोल्ट, पण कापाच्या जागी आटे: क्षेत्रफळ १५७ धरायचं. टोकाला १२.९.
८.८ ग्रेड, आटे बाहेर: टोकाला ३३.

तुमची दांडी वाकायला लागते ११.४ किलोन्यूटनला (३३,३३३ × २४० ÷ ७००), आणि चौकोनी छेद असल्यामुळे पूर्ण लोळागोळा होते साधारण १७ ला. ८.८ चा बोल्ट ३३ ला तुटणार. तो कशाला तुटेल? दांडी त्याच्या आधीच गेली.

दिवसाला तीन-चार तुटायचे ते बहुतेक पूर्ण आटे असलेले बोल्ट असणार. सरासरी ओढ १०.९ आणि बोल्टाची मर्यादा १२.९, मग जरा कडक जागा आली की काडकन. बोल्ट तुटतो म्हणून ग्रेड वाढवायचा नसतो. कापाच्या जागी आटे येणार नाहीत एवढ्या लांबीचा बोल्ट घ्यायचा, डोक्यावर ४.६ कोरलेलं पाहून. सुट्टा, काहीच न कोरलेला बोल्ट कुठल्या पोलादाचा आहे कुणास ठाऊक.

रेगूर

पाना_२४ यांचा हिशोब बरोबर आहे, पण दांडी जाड करून चीरच पडणार असेल तर उपयोग काय? तिसरी अडचण खरी आहे, पहिल्या दोन तिच्यातूनच आल्या आहेत.

अरुंद फाळ उथळ चालतो तेव्हा माती पुढे-वर आणि दोन्ही बाजूंना फुटते, वरून पाहिलं तर चंद्रकोरीसारखी. एका ठरावीक खोलीच्या खाली वरच्या मातीचं ओझं इतकं होतं की माती वर फुटण्याऐवजी बाजूला दाबली जाते. तिथून खाली फाळ माती सैल करत नाही, घट्ट करतो. ही मर्यादेची खोली साधारण फाळाच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते आणि माती ओली असेल तर आणखी वर येते. तुमचा फाळ ४० मिमी. म्हणजे २० ते २८ सेंमीपर्यंत काम, त्याखालचे १७ ते २५ सेंमी नुसती चीर. ओढ मात्र पूर्ण ४५ सेंमीची.

दुसरं कारण ओल. काळ्या मातीत वर भेगा पडलेल्या असतात, पण खाली दीड फुटावर ओल टिकून असते. चकचकीत भिंत हीच त्याची खूण. शेतात खड्डा घ्या, ज्या खोलीवर फाळ चालणार तिथली माती घ्या, तळहातावर वळून सुतळीएवढी (३ मिमी) वळी करा. वळी न तुटता होत असेल तर त्या दिवशी सबसॉयलर शेतात नेऊ नका. तुटून भुगा व्हायला हवा. वरचा वाफसा बघून खालचा अंदाज बांधता येत नाही.

कोनाबद्दल. फाळाचा जमिनीशी कोन २० ते २५ अंश ठेवा. ४५–५० च्या पुढे ओढ झपाट्याने वाढते, आणि ६५–७० च्या आसपास फाळाला खाली खेचणारं बळ संपून वर उचलणारं सुरू होतं. ५५ ला फाळ “धरत” नाही, मग माणूस टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि औजार यांमधला वरचा जोडदांडा) आखडत बसतो. टॉप लिंक आखडून फाळ खाली झुकतो खरा, पण दांडीचा कोनही बिघडतो.

फाळाच्या पोटाखाली मोकळीक हवी, निदान ५ ते ८ अंश. फाळ झिजला की टोकाखालचा भाग सपाट घासलेला दिसतो. एकदा तो सपाट पट्टा आला की फाळ जमिनीवर घसरगुंडी खेळतो, कितीही वजन टाका, आत जात नाही.

आणि ४५ सेंमी कशासाठी? आधी कठीण थर कुठे आहे ते पाहा. पावसानंतर वाफशावर १० मिमी सळई हाताने खुपसत गेलं की कुठे अडते आणि कुठे पुन्हा सुटते ते कळतं. रोटाव्हेटर आणि ट्रॉल्यांनी झालेला थर बहुतेक १५ ते ३० सेंमीत असतो. त्याच्या तळाच्या ५ सेंमी खाली फाळ गेला की पुरे.

ऐरण_हातोडा

दोघांचे आभार. सळई २८ च्या आसपास सुटते, म्हणजे ३३–३५ पुरेल.

आणखी विचारतो: १) फाळाला पंख (दोन्ही बाजूंना आडवी पाती) लावले तर? २) वाकलेली दांडी तापवून सरळ केली तर चालेल का? ३) ट्रकच्या पाट्याचं (ईएन ४५) लोखंड दांडीला कसं? ४) दोन दांड्या केल्या तर?

पाना_२४

दोन आणि तीन मी सांगतो.

ई २५० तापवून सरळ करता येते, त्यात काही बिघडत नाही. पण छेद तोच राहिला तर वाकणंही तेच राहणार.

पाट्याचं लोखंड फाळाला उत्तम, दांडीला नको. दांडीवर कधी ना कधी वेल्डिंगचा हात फिरतोच, आणि पाट्यावर साधा रॉड चालवला की वेल्डच्या शेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. ईएन ८ नॉर्मलाइझ (तापवून हवेत थंड केलेल्या) स्थितीत यील्ड २८० च्या आसपास, वर वेल्ड करायचं तर १५०–२०० अंशाला आधी तापवणं आलं. त्यापेक्षा ई ३५० प्लेट घ्या: या जाडीला यील्ड ३३०, वेल्डिंग सरळ. आणि कुठलंही पोलाद घेतलं तरी लवचिक वाक तेवढाच येतो, कारण ताठपणा ग्रेडवर नाही, छेदावर ठरतो. “चांगलं लोखंड” घेऊन बारीक दांडी ताठ होत नाही.

छेदासाठी दोन पर्याय. २५ × १५० ई ३५०, मीटरला २९.४ किलो, किंवा ३२ × १२५ साधी ई २५०, मीटरला ३१.४ किलो. पुढून येणाऱ्या बळाला दोन्ही भरपूर आहेत. २५ × १५० चा मॉड्युलस ९३,७५०. साध्या ई २५० मध्ये घेतली तरी ती ३२ किलोन्यूटनला वाकायला लागते, आणि तुमचा ४.६ चा बोल्ट १६.५ ला तुटतो. जवळपास दुप्पट अंतर, हेच हवं.

फरक पडतो तो आडव्या बळाला. २० × १०० ची दांडी आडवी वाकवायला टोकाला फक्त २.३ किलोन्यूटन पुरतात, सुमारे २३५ किलो. फाळ जमिनीत असताना स्टिअरिंग वळवलं की एवढं सहज येतं, आणि शिअर बोल्ट आडव्या बळाला तुटतच नाही, तो त्यासाठी नाहीच. २५ × १५० ई २५० ला ५.४, तीच ई ३५० मध्ये ७.४, आणि ३२ × १२५ ई २५० ला ७.३. म्हणजे वरचे दोन्ही पर्याय आडव्याला सारखेच. तुमच्याकडे कुठली प्लेट मिळते त्यावर ठरवा. पातळ दांडी मातीत कमी ओढ घेते म्हणून मी २५ ची घेईन. कोपऱ्यावर आधी उचलायचं, मग वळायचं, हे चालकाच्या कानावर घालाच. चेक चेनही (औजाराचं आडवं हलणं रोखणारी साखळी) कामात गच्च आवळू नका, थोडी ढिली हवी, नाहीतर ट्रॅक्टरचा प्रत्येक हिसका दांडीच्या आडव्या अंगाला बसतो.

वेल्डिंगबद्दल एक. दांडीची पुढची कड ताणात असते. गालपट्टीच्या जवळ पुढच्या कडेवर आडवा वेल्ड मारला की भेग तिथूनच निघते. झीजपट्टी लावायची तर फक्त खालच्या अर्ध्यात, उभ्या वेल्डने. बोल्टाची भोकं दांडीच्या रुंदीच्या मधोमध पाडा. १५० च्या दांडीत २६ चं भोक मधोमध असेल तर ताकद अर्धा टक्का कमी होते, कडेकडे सरकलं की हिशोबच बदलतो. गॅसने कापलेली कड पुढच्या बाजूला ग्राइंडरने घासून घ्या, कापताना पडलेले खाचे भेगेला वाट देतात.

गालपट्ट्या १६ मिमीच्या, मधलं अंतर दांडीपेक्षा १ मिमी जास्त, दीड म्हणजे डोक्यावरून पाणी. अंतर जास्त असेल तर बोल्ट कापला जात नाही, वाकतो, आणि वाकलेला बोल्ट काढायला गॅसच लागतो. शिअर बोल्टाच्या भोकात कडक केलेले बुश घाला. मऊ प्लेटचं भोक चार बोल्टांत अंडाकृती होतं.

चाक_घसरतंय

सगळे दांडीवर बोलताय, ट्रॅक्टर ओढू शकतो का ते कुणी पाहिलं नाही.

५० एचपी टू-व्हील ट्रॅक्टरचं वजन साधारण २,१०० किलो धरा. काम करताना मागच्या चाकांवर १,७०० येतात. शेतात १०–१५ टक्के स्लिपवर (चाक जागच्या जागी घसरण्याचं प्रमाण) त्याच्या ०.४५ पट ओढ मिळते: सुमारे ७६५ किलो, ७.५ किलोन्यूटन. एचपीचा हिशोब केला तर ३ किमी वेगाला याच्या तिप्पट ओढ दिसते, पण ती इंजिनात असते, टायरात नसते. ४५ सेंमीला १,११० किलो लागतात. म्हणजे हा ट्रॅक्टर तिथे नुसती चाकं फिरवत होता. ३५ सेंमी, ३ किमीला ओढ येते ८.५ किलोन्यूटन, ८६५ किलो. मागच्या टायरात पाणी आणि लोखंडी वजनं मिळून ३०० किलो चढवले की जेमतेम बसतं. पुढेही वजन लावा, पुढच्या आसावर एकूण वजनाच्या २० टक्के राहिलेच पाहिजेत, नाहीतर स्टिअरिंग हवेत.

स्लिप मोजायला यंत्र नको. टायरवर खडूची खूण करा, औजार उचलून दहा फेरे चालवा, अंतर मोजा. फाळ जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. रिकामं ४० मीटर आणि कामात ३४ असेल तर स्लिप १५ टक्के. २० च्या वर गेली की टायर आणि डिझेल दोन्ही जाळताय.

मग ट्रॅक्टर ७.५ च ओढू शकतो तर ११.४ ला वाकणारी दांडी वाकली कशी? ती ओढीने वाकली नाही, धक्क्याने वाकली. २,१०० किलोचा ट्रॅक्टर ४ किमीने जाताना त्यात सुमारे १,३०० ज्यूल ऊर्जा असते. दगडाला फाळ अडकला आणि ट्रॅक्टर ५ सेंमीत थांबला तर सरासरी बळ २६ किलोन्यूटन. तोच ३ किमीने असता तर ऊर्जा ७३० ज्यूल, बळ १४.६. एका किलोमीटरने धक्का जवळपास निम्मा. दगडाच्या रानात वेग हाच पहिला शिअर बोल्ट समजा.

दोन दांड्यांचा विचार या ट्रॅक्टरला सोडूनच द्या. आणि पंख नको. पंख लावले की त्याच सूत्रात २२६ च्या जागी २९४ येतात, म्हणजे ३० टक्के जास्त ओढ. आहे तीच निघत नाही.

रेगूर

पंखांबद्दल पूर्ण सहमत नाही. ओढ ३० टक्क्यांनी वाढते, पण सैल होणारा छेद साधारण दुप्पट होतो, म्हणजे सैल केलेल्या मातीमागे ओढ कमीच पडते. शिवाय तासांमधलं अंतर वाढवता येतं: साध्या फाळाला खोलीच्या १ ते १.५ पट, पंखवाल्याला १.५ ते २ पट. ३५ सेंमी खोलीला साधे तास ३५ ते ५० सेंमीवर, पंखांचे ५० ते ७० वर. एकरात फेऱ्या किती वाचतात ते मांडून बघा. पंखांमुळे मर्यादेची खोलीही खाली जाते, चीर पडत नाही.

पण आत्ताच्या ट्रॅक्टरला ३५ सेंमीला पंख जड जातील हे खरं. ३३ ला पंखाने १०.४ किलोन्यूटन येतात, ते निघणार नाहीत. मधला रस्ता: आधी पलटी नांगराने किंवा जड कल्टिव्हेटरने १५–२० सेंमी मोकळं करा, मग सबसॉयलर घाला. वरचं ओझं हललेलं असलं की खालची माती फुटायला जागा मिळते, ओढही उतरते. तरी पुरलं नाही तर पंखाशिवाय, पण फाळ ४० चा नको, ६५–७० मिमीचा. सात पटीने ४५ पर्यंत मर्यादा जाते, कोरड्या मातीत ३५ ला निर्धास्त. लांबी २५० मिमी, जाडी २५, दांडीला एका काउंटरसंक (डोकं भोकात बुडणाऱ्या) बोल्टने आणि मागे एका पिनेने, म्हणजे शेतातच बदलता येतो. कठीण रॉडचा थर द्यायचा तर एकाच बाजूला. दोन्हीकडे दिला की टोक बोथट होत जातं.

पुढे फोर-व्हील ट्रॅक्टर मिळाला तर पंख बसवायची भोकं आत्ताच पाडून ठेवा. दोन्ही मिळून ३० सेंमी रुंद, मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५०–६० मिमी उंच.

ऐरण_हातोडा

ठरलं: २५ × १५० ई ३५०, फाळ ७० मिमी, २५ अंश, ३५ सेंमी, ४.६ चा एम १६. एक शंका. शिअर बोल्ट वर आणि टेकूचा खाली, मग बोल्ट तुटल्यावर दांडीचं वरचं टोक पुढे फिरून फ्रेमच्या पाइपला अडतं. आत्ताच्या रचनेत ते फक्त २०–२५ मिमी फिरतं.

पाना_२४

मग तो बोल्ट तुटून उपयोगच नाही, दांडी पाइपला टेकते आणि पुन्हा सगळा भार दांडीवर. हे तुमच्या वाकण्याचं चौथं कारण होतं, आधी सांगायला हवं होतं!

उलटं करा. एम २४ ८.८ वर, शिअर बोल्ट खाली. मग दांडी अख्खी मागे फिरते, पाइप मधे येत नाही. टेकूपासून टोकाचं अंतर ७०० चं ८२० होतं, म्हणून तोच ४.६ चा बोल्ट १४.१ किलोन्यूटनला तुटेल. ३५ सेंमीच्या ८.५ च्या सरासरीपुढे हे दीडपटीहून जास्त आहे, उगाच तुटणार नाही. दांडी जिथे सर्वांत जास्त वाकू बघते ती जागा खालच्या बोल्टापाशीच राहते, म्हणून छेदाचा हिशोब बदलत नाही. गालपट्ट्यांच्या मागच्या बाजूला आडवी पट्टी मारून बंद करू नका, दांडी तिथूनच बाहेर फिरणार आहे.

टॉप लिंकही पाहा. फाळ मागे ओढला जातो तसा मास्ट (औजाराचा उभा सांगाडा, ज्याच्या माथ्याला टॉप लिंक जोडतात) पुढे रेटतो, टॉप लिंक दाबात असते. कॅटेगरी २ चा (औजार-जोडणीचं एक प्रमाणित माप) मास्ट ६१० मिमी, फाळाचं टोक लोअर लिंकच्या पिनेखाली ७५ सेंमी धरलं तर बोल्ट तुटण्याच्या क्षणी टॉप लिंकवर १७ किलोन्यूटनच्या आसपास येतात. मास्टच्या माथ्यापासून गालपट्ट्यांच्या मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी तिरपा टेकू द्या, ५० × १२ पट्टी पुरेल. तो नसेल तर पुढची पाळी फ्रेमच्या पाइपाची, तो पिळतो.

चाक_घसरतंय

सोबत दहा सुटे बोल्ट आणि एक सरळ पंच ठेवा. आणि बोल्ट आवळताना नट हाताने टेकवून पाव फेराच द्या, लॉकनट लावा. पाइप घालून आवळला की गालपट्ट्या दांडीला चिकटतात, मग बोल्ट कुठल्या बळाला तुटेल ते कुठल्याच सूत्रात बसत नाही.